युवकांचा राजकीय व नागरी सहभाग : मोजमाप आणि त्याच्या मर्यादा

‘हल्लीच्या तरुणांना राजकारणात रस उरलेला नाही’ हे विधान आपण वर्तमानपत्रात वाचले असेल, गावच्या पारावर ऐकले असेल. कदाचित स्वतःही केले असेल. विधान जुनेच आहे. मात्र गेल्या साठ वर्षांत त्याला आकड्यांचा आधार मिळू लागला. निरनिराळ्या देशांतील युवकांना एकच प्रश्नावली द्यायची, उत्तरांना गुण द्यायचे आणि देशांची क्रमवारी लावायची, अशी पद्धत रूढ झाली. या क्रमवारीचा हवाला देऊन युवक धोरणे आखली जातात आणि एखाद्या समाजातील तरुण ‘जागरूक’ आहेत की ‘उदासीन’, याचा शिक्काही मारला जातो. म्हणून हे आकडे कसे तयार होतात, हे आपण नीट पाहिले पाहिजे. प्रस्तुत घटकात त्यासाठी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांची उदाहरणे घेतली आहेत. येथे सहभाग पुष्कळ आहे. परंतु तो प्रश्नावलीच्या रकान्यांत सहज बसत नाही. मोजपट्टीची परीक्षा अशाच ठिकाणी होते.

सहभागाची व्याख्या कशी विस्तारत गेली

गॅब्रिएल आमंड आणि सिडनी व्हर्बा या अमेरिकी अभ्यासकांनी अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली आणि मेक्सिको या पाच देशांतील नागरिकांच्या राजकीय वृत्तींचा तौलनिक अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९७८ मध्ये व्हर्बा, नॉर्मन नाय आणि जे-ऑन किम यांचा सात देशांचा अभ्यास आला. त्यात भारताचा समावेश होता, ही आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. या अभ्यासकांनी सहभागाचे चार प्रकार मानले : मतदान, निवडणूक प्रचार, सामूहिक प्रश्नासाठी इतरांसह काम करणे आणि स्वतःच्या अडचणीसाठी अधिकाऱ्याला किंवा लोकप्रतिनिधीला भेटणे. शेवटचा प्रकार आपल्याकडे किती प्रचलित आहे, हे तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात तासभर बसलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

या चौकटीत निदर्शने, बहिष्कार, धरणे यांना फारसे स्थान नव्हते. युरोप-अमेरिकेतील १९६८ च्या विद्यार्थी चळवळींनंतर ही उणीव डोळ्यांत भरू लागली. १९७९ मध्ये सॅम्युएल बार्न्स आणि मॅक्स कासे यांनी पाच पाश्चात्त्य देशांच्या अभ्यासात निषेधाच्या कृतींनाही सहभागाचा दर्जा दिला. तरुणांच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. कारण पक्षाच्या सभेला न जाणारा तरुण मोर्चात असू शकतो, हे त्यामुळे आकडेवारीत प्रथमच दिसू लागले. अलीकडे, २०१२ मध्ये, योआकिम एकमान आणि एरिक आम्ना या स्वीडिश अभ्यासकांनी आणखी एक भेद सुचवला. एक प्रकट सहभाग. दुसरा सुप्त सहभाग. बातम्या वाचणे, घरात राजकारणाची चर्चा करणे, गावच्या कामाला हात लावणे हे दुसऱ्या प्रकारात मोडते. त्यातूनच प्रसंगी पहिला प्रकार उभा राहतो.

व्याख्या का महत्त्वाची असते, याचे एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील (तेव्हाचा चांदा जिल्हा) चिमूर येथे ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला. गोळीबारात बळी पडलेल्या बालाजी रायपूरकर या युवकाचे नाव तेथे आजही घेतले जाते. त्या काळी प्रांतिक निवडणुकीत मताचा अधिकार मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींनी मोजक्यांपुरता बांधलेला होता. मतदान हाच सहभागाचा निकष धरला, तर त्या दिवशी रस्त्यावर उतरलेल्या बहुसंख्य तरुणांचा राजकीय सहभाग शून्य भरेल. निकष चुकीचा ठरतो तो असा.

आज वापरल्या जाणाऱ्या मोजपट्ट्या

सर्वांत परिचित साधन म्हणजे जागतिक मूल्य सर्वेक्षण. ते १९८१ मध्ये सुरू झाले आणि भारत त्यात १९९० पासून आहे. अर्जावर सही, बहिष्कार, शांततामय निदर्शने, संप अशा कृतींविषयी त्यात विचारले जाते आणि उत्तराचे तीन पर्याय असतात : केले आहे, करू शकेन, कधीच करणार नाही. मधला पर्याय फसवा आहे. ‘करू शकेन’ म्हणणाऱ्यांना सहभागी धरायचे की नाही, यावर एखाद्या देशाचे चित्र पालटू शकते. अभ्यासक कधी धरतात, कधी धरत नाहीत. तक्ता वाचताना तळटीप आधी वाचावी ती यासाठी.

शालेय वयासाठी आंतरराष्ट्रीय नागरिकशास्त्र अभ्यास २००९, २०१६ आणि २०२२ मध्ये झाला. आठवीच्या, म्हणजे साधारण १४ वर्षांच्या मुलांना त्यात नागरिकशास्त्राचे ज्ञान विचारतात आणि ‘मोठे झाल्यावर मतदान कराल काय?’ असेही विचारतात. भारताने त्यात भाग घेतलेला नाही. मनोदय आणि कृती यांतील अंतर चौदाव्या वर्षी किती असते, हे आपण स्वतःच्या अनुभवावरून ताडू शकतो.

संसदांतील तरुणांचे प्रमाण आंतर-संसदीय संघ मोजतो. त्याच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील संसद सदस्यांपैकी तिशीच्या आतील केवळ २.८ टक्के होते. भारताविषयी हा आकडा वाचताना एवढे लक्षात ठेवावे की, येथे लोकसभा आणि विधानसभेसाठी उमेदवाराचे किमान वय २५ आहे आणि राज्यसभेसाठी ते ३० आहे. ग्रामपंचायतीला मात्र २१ व्या वर्षी उभे राहता येते. संसदेचा दरवाजा कायद्यानेच बंद असलेल्या वयोगटाला संसदेवरून मोजले, तर निष्कर्ष तरुणांविषयी निघत नाही, कायद्याविषयी निघतो.

राष्ट्रकुलाचा युवा विकास निर्देशांक २०१३ पासून निघतो. १५ ते २९ वयोगटाचे शिक्षण, आरोग्य, रोजगार यांबरोबर नागरी सहभाग आणि राजकीय सहभाग हेही त्यात मोजतात. २०२० च्या निर्देशांकात १८१ देशांत भारताचा क्रमांक १२२ वा होता. हा क्रमांक कशाचा बनतो? २०१६ च्या आवृत्तीत राजकीय सहभागाचे निर्देशक असे होते : देशाला युवा धोरण आहे काय, राष्ट्रीय पातळीवर मतदार शिक्षण होते काय आणि तरुणांनी आपले मत अधिकाऱ्यांपुढे मांडले काय. तिसरा प्रश्न तरुणांच्या कृतीविषयी आहे. पहिले दोन शासनाच्या कृतीविषयी आहेत. शासनाने धोरणाची पुस्तिका छापली की देशाचे गुण वाढतात. एकही तरुण घराबाहेर पडलेला नसला तरी. अशा मिश्रणाला ‘युवकांचा सहभाग’ म्हणणे मला ओढाताणीचे वाटते.

नागरी सहभागासाठी याच निर्देशांकात गॅलप संस्थेच्या जागतिक सर्वेक्षणातील प्रश्न घेतले होते : गेल्या महिन्याभरात आपण एखाद्या संस्थेसाठी स्वेच्छेने वेळ दिला काय? अनोळखी माणसाला मदत केली काय? मूल तालुक्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस श्रमसंस्कार छावणी सुरू केली. महाराष्ट्रभरातून तरुण-तरुणी मे महिन्याच्या उन्हात तेथे येतात, पहाटे श्रमदान करतात आणि उरलेला दिवस समाजप्रश्नांवर बोलण्यात घालवतात. अनेकांच्या आयुष्याची दिशा तेथे बदलली. सर्वेक्षक जूनच्या आरंभी दारात आला, तर या तरुणाचे उत्तर ‘होय’ आणि डिसेंबरात आला, तर ‘नाही’. तरुण तोच असतो. पंचांगाचे पान तेवढे बदललेले असते.

छेदाचा प्रश्न

शेकडेवारीत अंश सर्वांना दिसतो, छेद लपलेला असतो. मतदानाची टक्केवारी आपल्याकडे नोंदणीकृत मतदारांवर काढतात. ज्याचे नाव यादीतच नाही, तो तरुण ना अंशात येतो, ना छेदात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत नागरिकाला स्वतः नोंदणी करावी लागते. युरोपातील अनेक देशांत लोकसंख्येच्या नोंदवहीवरून नाव आपोआप यादीत जाते. ऑस्ट्रेलियात मतदान १९२४ पासून सक्तीचे आहे. ब्राझीलमध्ये १६ व १७ वर्षांच्या मुलांना ते ऐच्छिक आहे आणि १८ नंतर सक्तीचे. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये मतदानाचे वय १६ केले. भारतात ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ते २१ वरून १८ वर आले. एवढ्या भिन्न नियमांखाली निघालेल्या टक्केवाऱ्या शेजारी-शेजारी छापणे सोपे आहे, त्यांची तुलना करणे अवघड.

‘युवक’ कोणाला म्हणावे, हाही छेदाचाच प्रश्न होय. संयुक्त राष्ट्रे १५ ते २४ हा गट धरतात. भारताचे २०१४ चे युवा धोरण १५ ते २९. आफ्रिकी युवा सनद १५ ते ३५. नागपूरच्या महाविद्यालयातील २३ वर्षांचा विद्यार्थी आणि धानोरा तालुक्यात त्याच वयाचा, दोन मुलांचा बाप असलेला शेतकरी हे एकाच रकान्यात पडतात. वय समान असले तरी समाजाने त्यांना दिलेली जागा समान नाही.

आता आपल्या जिल्ह्यांकडे येऊ. १९ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेच्या पहिल्या टप्प्यात गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले. त्याच दिवशी नागपुरात ते सुमारे ५४ टक्के होते. गडचिरोलीत काही मतदान पथके हेलिकॉप्टरने न्यावी लागतात आणि सुरक्षेच्या कारणाने अनेक केंद्रांवर मतदान दुपारी तीनलाच थांबते. शिवाय एप्रिलच्या सुमारास मिरची तोडणीसाठी तेलंगणात गेलेल्या मजुरांची नावे यादीत असतात. माणसे मात्र गावात असतीलच असे नाही. हे सर्व असूनही आकडा वरचा आहे. शिक्षण व उत्पन्न वाढले की मतदान वाढते, हे पाश्चात्त्य अभ्यासांतील परिचित सूत्र येथे उलटे पडते. ग्रामीण, गरीब आणि आदिवासी मतदार शहरी सुस्थितांपेक्षा अधिक उत्साहाने मत देतात, असे भारतीय निवडणुकांच्या अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे.

परंतु ‘गडचिरोलीतील तरुण नागपूरच्या तरुणांपेक्षा अधिक मतदान करतात’ असा निष्कर्ष यावरून काढता येईल काय? येथे विद्यार्थी हमखास घसरतात. समजा, एका गावात ३०० मतदार आहेत आणि त्यांपैकी ९० जण तिशीच्या आतले आहेत. २१६ जणांनी मत दिले. म्हणजे ७२ टक्के. मत न देणारे ८४. हे सर्वच्या सर्व ८४ जण तरुण असू शकतात. तसे असेल, तर ९० पैकी केवळ ६ तरुणांनी मत दिले आणि तरीही गावाचा आकडा ७२ च राहिला. समूहाच्या सरासरीवरून त्यातील एका गटाविषयी बोलणे हा तर्कदोष आहे. मतदानाची अधिकृत आकडेवारी स्त्री-पुरुष अशी मिळते, वयोगटानुसार मिळत नाही. म्हणून तरुणांच्या मतदानासाठी दिल्लीच्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राच्या ‘लोकनीती’सारख्या उपक्रमांच्या नमुना पाहण्यांवर विसंबावे लागते. त्यांच्या निष्कर्षानुसार बहुतेक निवडणुकांत तरुणांचे मतदान सरासरीच्या किंचित खाली राहिले. २०१४ मध्ये हे अंतर मिटले.

पाहणीतील उत्तरालाही परिसराचा रंग असतो. शहरात मत न देणारा ‘दिले’ म्हणतो, कारण न देणे लाजिरवाणे वाटते. ज्या भागात निवडणूक बहिष्काराची पत्रके झाडांवर लागत आली, तेथे मत देणाराही अनोळखी माणसापुढे सावधपणे गप्प बसू शकतो. एकच प्रश्न एका ठिकाणी आकडा फुगवतो आणि दुसऱ्या ठिकाणी आक्रसवतो.

प्रश्नाची भाषा

भाषेचे अभ्यासक म्हणून आपल्याला या विषयात विशेष बोलता येईल असे हे स्थळ. तौलनिक सर्वेक्षणाचा पाया असा की, प्रश्न सर्वत्र एकच असावा. परंतु शब्द बदलला की प्रश्न बदलतो. ‘आपण कधी अर्जावर सही केली आहे काय?’ या प्रश्नातील ‘अर्ज’ म्हटले की आपल्याकडे जातीच्या दाखल्याचा किंवा घरकुलाचा अर्ज डोळ्यांपुढे येतो. सर्वेक्षकाला अभिप्रेत असते ते ‘निवेदन’ : गावाने मिळून, सह्या-अंगठ्यांनिशी, तहसीलदारांना दिलेले. पहिला शब्द वापरला, तर जवळजवळ सर्वच ‘होय’ म्हणतील. दुसरा वापरला, तर निराळी संख्या येईल. ‘निदर्शने’ हा शब्द पुस्तकी. लोक ‘मोर्चा’, ‘धरणे’, ‘रास्ता रोको’ म्हणतात आणि या तिन्ही कृती एकमेकींहून भिन्न आहेत. ‘स्वयंसेवक’ म्हटल्यावर एखाद्याला विशिष्ट संघटना आठवेल, दुसऱ्याला राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर. गावतलावाचा गाळ काढणाऱ्याला मात्र आपण ‘स्वयंसेवा’ करतो आहोत असे वाटतच नाही. तो म्हणेल, गावचे काम आहे, सगळेच करतात.

पूर्व विदर्भात यावर आणखी एक थर चढतो. या पट्ट्यात झाडीबोली बोलली जाते. गडचिरोलीच्या दक्षिण भागात गोंडी, माडिया आणि तेलुगूही. प्रमाण मराठीतील प्रश्नावली माडियाभाषक युवतीपुढे ठेवली, तर ‘माहीत नाही’ या उत्तराचा अर्थ उदासीनता की भाषेचा अडसर, हे तक्त्यात दिसत नाही.

काही संस्थांना तर प्रश्नावलीत नावच नसते. गोटूल ही गोंड-माडिया समाजाची जुनी संस्था : तरुणांनी एकत्र यावे, नाच-गाणी, रीतिरिवाज आणि सामूहिक जबाबदारी शिकावी अशी जागा. अनेक गावांत ती आज सभेची जागाही आहे. ‘आपण कोणत्या युवक संघटनेचे सदस्य आहात?’ या प्रश्नाला येथला तरुण ‘कोणत्याही नाही’ असेच उत्तर देईल, कारण गोटूलाची नोंदणी नसते, पावतीपुस्तक नसते, फलकही नसतो.

ग्रामसभा : न मोजलेला सहभाग

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे सुमारे पाचशे वस्तीचे गोंड गाव. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ यांमुळे ते देशभर माहीत झाले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा. वनहक्क कायदा २००६ चा. त्यानुसार २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १००६ हेक्टरवर असाच हक्क मिळाला. या गावाने तेंदूपत्ता न तोडण्याचा निर्णय घेतला. पत्त्यासाठी जंगलाला आग लावली जाते आणि झाडांची छाटणी होते, म्हणून हाती येणारा पैसा गावाने सोडला. शासनाकडे मागणी करणे हा राजकीय सहभाग मानला जातो. शासनाचे काम स्वतः करणे हा कोणता सहभाग, याचे उत्तर वर पाहिलेल्या एकाही मोजपट्टीत नाही.

मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. कोणाची हरकत उरली, तर विषय पुढच्या सभेत जातो. त्याआधी अभ्यास गटात चर्चा होते. बाहेरचा जाणकार तेथे येऊन बोलू शकतो, पण निर्णय ग्रामसभेचाच. या पद्धतीत हात वर करून मत मोजण्याची वेळच येत नाही. सिद्धान्ततः एकोणीस वर्षांच्या मुलीची हरकतही निर्णय थांबवू शकते. लोकसभेच्या मतदानात तिचे मत लाखांतले एक. येथे ते निर्णायक.

सिद्धान्ततः असे म्हटले, कारण ग्रामसभेविषयी भाबडेपणा बाळगूनही चालणार नाही. वडीलधारे बोलत असता ती मुलगी तोंड उघडते काय? हजेरीपटावर सही असणे, सभेत बोलणे आणि आपल्या बोलण्याने निर्णय बदलणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली मोजणे सोपे, दुसरी जिकिरीचे, तिसरी फार अवघड. आणि खरा सहभाग तिसरीत असतो. दुसरीकडे, बांबूच्या पैशांचे हिशेब, ठरावांचे लेखन, जंगलाचे नकाशे ही कामे आली की लिहित्या-वाचत्या हातांची गरज लागते आणि तरुणांना सभेत वजन येते. हे वजनही कोठे नोंदले जात नाही.

येथे कायद्यातील एक बारकावा पाहण्यासारखा आहे. वनहक्क नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी किमान निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. ही अट असल्यामुळे स्त्रियांची हजेरी वेगळी मोजावी लागते. आणि मोजली गेल्यामुळे ती कमी पडली की दिसते, सभा पुढे ढकलावी लागते. तरुणांसाठी अशी अट नाही. सभेत तिशीच्या आतले किती होते, हे सांगण्याची सक्ती कोणावर नाही. जी गोष्ट मोजावी असे कायद्याने सांगितले, ती गावाच्या कागदावर उतरली. जी सांगितली नाही, ती उतरली नाही. राष्ट्रकुलाच्या निर्देशांकापासून गावच्या नोंदवहीपर्यंत हाच न्याय लागू पडतो.

उपक्रम

आपल्या गावातील किंवा प्रभागातील एका सभेला उपस्थित राहा. शहरात राहत असाल, तर गृहनिर्माण संस्थेची किंवा वस्तीतील मंडळाची सभा चालेल. वहीत चार रकाने आखा : तिशीच्या आतील किती स्त्री-पुरुष आले, त्यांपैकी किती बोलले, कोणत्या विषयावर बोलले आणि त्यांच्या बोलण्यानंतर ठरावाच्या मसुद्यात एखादा शब्द तरी बदलला काय. व्यक्तींची नावे लिहू नका. सभेच्या अध्यक्षांची परवानगी आधी घ्या. सभेनंतर हजर असलेल्या दोन तरुणांना आणि न आलेल्या दोघांना ‘आपण गावच्या कारभारात भाग घेता काय?’ हा एकच प्रश्न त्यांच्या नेहमीच्या बोलीत विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. ‘नाही’ म्हणणाऱ्याला, गेल्या वर्षभरात गावासाठी काय काय केले, हे त्यानंतर विचारा. दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी लिहून अभ्यासकेंद्रावरील पुढील संपर्कसत्रात सोबत आणा.